पिंग : घरच्या नेटवर्कची पहिली तपासणी

घरातल्या दोन लिनक्स संगणकांचा एकमेकांशी संपर्क तुटला, की तपास बहुधा पिंगपासून सुरू होतो. एक संगणक छोटा संदेश पाठवतो, दुसरा तो परत करतो आणि जाण्यायेण्याला लागलेला वेळ पडद्यावर दिसतो. या देवघेवीचे नियम जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आयसीएमपी मानकात १९८१ सालीच ठरले होते. उत्तर देणे हे प्रत्येक संगणकाचे कर्तव्य मानल्यामुळे पलीकडे वेगळे काही बसवावे लागत नाही. या साधनाची खरी ताकद हीच.

ती वापरणारा प्रोग्राम मात्र डिसेंबर १९८३ मध्ये आला. अमेरिकन लष्कराच्या मेरीलँडमधील बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत नेटवर्क विचित्र वागू लागले होते. त्याच वर्षी जुलैत, नॉर्वेतल्या एका बैठकीत, संगणकशास्त्रज्ञ डेव्ह मिल्स यांनी अशा संदेशांनी वेळ मोजण्याचे प्रयोग सांगितले होते. ते आठवून लॅबोरेटरीतल्या माइक म्यूस यांनी सुमारे हजार ओळींचा प्रोग्राम एका संध्याकाळी लिहून काढला. नाव घेतले सोनार यंत्रणेच्या आवाजावरून. पहिला संदेश सुटण्याआधीच मूळ बिघाड दुरुस्त झाला होता. तरीही बर्कले युनिक्सने तो प्रोग्राम स्वीकारला आणि पुढे लिनक्सवरही तो रुळला.

१९९० च्या दशकात हौशी लोकांच्या घरी लिनक्स पोचला, तेव्हा नेटवर्क अनेकदा पातळ कोअॅक्सियल केबलचे असे. सगळे संगणक टी-जोडांनी एकाच तारेवर, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. एक जोड सैल झाला की सगळेच बंद. अशा वेळी पिंग चालू ठेवून एकेक जोड हलवायचा आणि उत्तरे कुठे खंडतात ते पाहायचे, ही पद्धत फार कामाची होती. प्रत्येक संगणकाला वेगळ्या केबलने जोडणारे हब आल्यावर बिघडलेली केबल बहुधा एकाच संगणकाला तोडू लागली.

१९९६ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ उघडकीस आले. तुकड्यांनी पाठवलेला, ६५,५३५ बाइटांची मर्यादा ओलांडणारा संदेश जोडताना अनेक प्रणाली कोसळत. लिनक्सही त्यांत होता. दोष लवकर दुरुस्त झाला, पण फायरवॉलमध्ये पिंग अडवण्याची प्रथा बळावली. त्यामुळे जुने गणित बदलले. उत्तर आले तर तार, कार्ड आणि पत्ता ठीक असल्याचे आजही सिद्ध होते; न आल्यास काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा लिनक्सवर ‘आयपी नेबर’ ही आज्ञा द्यावी. एकाच नेटवर्कवरच्या पलीकडच्या संगणकाचा हार्डवेअर पत्ता तिथे ताजा दिसला, तर तार शाबूत आहे आणि संशय फायरवॉलवर घ्यावा; ‘फेल्ड’ दिसले, तर केबल, वाय-फाय आणि आयपी पत्ता तपासावा.