सातपुड्याचा ताप आणि धरणगावची पलटण

1825 साली लेफ्टनंट जेम्स आउट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावात ठेवले. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तरी डोंगरातले भिल्ल त्यांना बधत नव्हते. त्यांनाच नोकरीत घेऊन प्रदेश शांत करावा, हा त्यामागचा मुख्य हिशेब. पण सातपुड्यात धाडलेल्या फौजांना आणखी एक शत्रू गाठत असे, तो म्हणजे हिवताप.

भरदुपारी हुडहुडी भरायची. घोंगड्यांवर घोंगडी टाकली तरी दात वाजायचे थांबत नसत. मग अंग फणफणायचे, शेवटी दरदरून घाम सुटायचा. दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या काळी दोष रानातल्या कुबट हवेला दिला जाई. खरा दोषी होता डोंगरझऱ्यांत वाढणारा डास, आणि त्याच्यामार्फत रक्तात शिरणारा परजीवी. तो परजीवी अल्फोन्स लाव्हेराँला अल्जेरियात दिसला 1880 मध्ये. त्याचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत 1897 मध्ये दाखवला. डोंगरात जन्मलेल्यांना हा ताप लहानपणापासून पुन्हापुन्हा येई. जे जगत, त्यांच्या शरीराला त्याच्याशी झुंजायची सवय होई. ही ताकद कमावताना किती लेकरे दगावली असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही. प्रौढांच्या रक्तात परजीवी कमी आणि मुलांच्या रक्तात जास्त, हे रॉबर्ट कॉखने न्यू गिनीमध्ये 1900 च्या सुमारास पाहिले.

पण मुळात अंग तापते कशाला?

लाल पेशी फोडून परजीवी बाहेर पडतात, तेव्हा पांढऱ्या पेशी रसायने सोडतात. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेले तापमानाचे केंद्र आपली पातळी चढवते. 37 अंशांचे अंग मग त्याला थंड वाटू लागते. स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात, कातडीकडचे रक्त आत ओढले जाते. म्हणजे हुडहुडी ही शरीराने स्वतः पेटवलेली भट्टीच. 40 अंशांच्या आसपास परजीवीची वाढत आलेली पिले मरतात किंवा खुंटतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्या उष्णतेतून तगलेले परजीवी एकाच तालात वाढतात, म्हणून पुढचा ताप पाळी धरून येतो. 1975 मध्ये अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी सरड्यांना जंतूंची लागण करून वेगवेगळ्या उबेत ठेवले, तेव्हा उबदार जागेतले अधिक जगले.

व्हिएन्नाच्या यूलिउस वाग्नर-याउरेगने तर 1917 मध्ये मेंदूपर्यंत पोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवताप दिला. ताप चढू द्यायचा, मग क्विनाइनने थांबवायचा. काही रुग्ण सुधारले, काही हिवतापानेच दगावले. 1927 मध्ये त्याला नोबेल मिळाले. पेनिसिलिन आल्यावर हा उपचार मागे पडला.

ताप अंगावर काढण्याची आपल्याकडची सवय मात्र हिवतापात घातक ठरते. फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीने ग्रासलेल्या लाल पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात आणि रुग्ण काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. तिथे शरीराची उष्णता अपुरी पडते, औषधच लागते. म्हणून आज आरोग्यसेवक ताप उतरण्याची वाट पाहत नाही. बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो आणि तपासणीला पाठवतो.