स्वतंत्र जीवन निधी : ब्रिटनमधील अपंगांच्या एका लढ्याचा इतिहास

ब्रिटनमध्ये १९८८ साली सुरू झालेला आणि ३० जून २०१५ रोजी बंद करण्यात आलेला 'इंडिपेंडंट लिव्हिंग फंड', म्हणजेच स्वतंत्र जीवन निधी, सरकारी खर्चाच्या हिशेबात अगदी लहान होता. अखेरच्या काळात त्याचे लाभार्थी सुमारे १८,००० होते आणि त्यावर वर्षाला ३० कोटी पौंडांहून थोडाच अधिक खर्च होत असे. अंथरुणातून उठण्यापासून जेवणापर्यंत प्रत्येक गोष्टीत ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, अशा तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तींना या निधीतून रोख रक्कम मिळे आणि त्या रकमेतून त्या आपला मदतनीस स्वतः निवडत, त्याच्या कामाच्या वेळा ठरवत आणि त्याला पगार देत. या मदतनिसाला तेथे 'पर्सनल असिस्टंट' म्हणतात; संस्थेने किंवा कौन्सिलने, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेने, पाठवलेल्या सेवकाहून तो वेगळा ठरतो, कारण त्याला कामावर ठेवणारी ती अपंग व्यक्तीच असते. हा निधी वाचवण्यासाठी माणसे व्हीलचेअरवरून पार्लमेंटच्या सभागृहाच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा न्यायालयाची पायरी चढली, याचे कारण केवळ पैशात शोधले तर सापडत नाही. पैसा सरकारचा असला तरी त्यामागची कल्पना अपंगांनी स्वतः, संस्थांमध्ये राहत असताना, कायद्याच्या अडसरांतून वाट काढत घडवली होती; ती हक्क म्हणून कायद्यात मात्र कधीच नोंदली गेली नाही, आणि निधी इतक्या सहज मोडता आला तो त्यामुळेच.

ब्रिटनमध्ये अपंगांनी संघटित होऊन सरकारला जाब विचारण्याची परंपरा या निधीहून बरीच जुनी आहे. अंध कामगारांची 'नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड' ही संघटना १८९९ साली कामगार संघटना म्हणून नोंदली गेली होती आणि एप्रिल १९२० मध्ये तिचे सदस्य लीड्स, मँचेस्टर व न्यूपोर्ट येथून पायी चालत लंडनला पोहोचले. दान नको, न्याय हवा, ही त्यांची घोषणा पुढच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिली. १९२० सालीच अंध व्यक्तींसाठीचा कायदा झाला. पुढे १९६५ साली दोन अपंग गृहिणींनी 'डिसेबलमेंट इन्कम ग्रुप' स्थापन केला, कारण नोकरी न केलेल्या स्त्रीच्या नावे विम्याचे हप्ते भरलेले नसत आणि त्यामुळे ती अपंग झाली तर तिला भत्ताही मिळत नसे. १९७० च्या दशकात परिचर्या भत्ता आणि प्रवास भत्ता सुरू झाले, त्यामागे या गटाने उभे केलेले जनमत होते. तरीही हे सारे उत्पन्नाचे प्रश्न होते. माणसाने राहायचे कुठे आणि त्याच्या दिवसाची आखणी कोणी करायची, हा प्रश्न दुसरीकडे, हॅम्पशरमधील एका निवासगृहात, उभा राहत होता.

ले कोर्ट हे ते निवासगृह. ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी लेनर्ड चेशायर यांनी १९४८ साली ते सुरू केले आणि तेथून चेशायर होम्सचे जाळे जगभर पसरले. १९५० च्या दशकात मुंबईत अंधेरी परिसरात उभे राहिलेले चेशायर होम हे त्याच जाळ्यातील. संस्थापकाचा हेतू निर्मळ होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निवासगृह म्हटले की नियम आले, आणि नियम आखणारे तेथे राहणारे नव्हते. रात्री किती वाजता झोपायचे, दूरचित्रवाणी कधी बंद करायची, अशा गोष्टींवरून ले कोर्टमधील रहिवासी आणि व्यवस्थापन यांच्यात १९५० आणि १९६० च्या दशकांत खटके उडत राहिले. बाहेरच्या माणसाला या गोष्टी किरकोळ वाटतील. परंतु ज्याला कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याची गरज लागते, त्याच्या दृष्टीने झोपायची वेळ कोण ठरवतो यातच त्याचे सारे स्वातंत्र्य सामावलेले असते. पॉल हंट हा तरुण १९५६ साली येथे राहायला आला. स्नायूंच्या क्षयाने त्याचे शरीर दुबळे होत चालले होते, पण लेखणी धारदार होती. त्याने १९६६ साली अपंग लेखकांच्या निबंधांचे 'स्टिग्मा' हे पुस्तक संपादित केले.

व्यवस्थापनाशी चाललेल्या वादात अभ्यासकांची साक्ष आपल्या बाजूने मिळेल, या आशेने रहिवाशांनीच टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेशी संपर्क साधला होता. एरिक मिलर आणि जेराल्डीन ग्विन यांचा अहवाल १९७२ साली पुस्तकरूपाने आला, तेव्हा मात्र त्यांची घोर निराशा झाली. संस्थेत दाखल होणे हा समाजाच्या दृष्टीने माणसाचा मृत्यूच असतो, आणि हा सामाजिक मृत्यू व प्रत्यक्ष मृत्यू यांच्यामधला काळ सुसह्य करणे हेच संस्थेचे काम, असे प्रतिपादन त्यात होते. ज्यांनी सुटकेचा मार्ग विचारला होता, त्यांना मुक्काम सुखाचा कसा करावा हे सांगण्यात आले. हंटने त्या संशोधकांना उघडपणे परोपजीवी म्हटले. शब्द कठोर आहे. पण तटस्थतेच्या नावाखाली बलवानांची बाजू घेणारे संशोधन याहून मवाळ शब्दाला पात्र नव्हते.

सप्टेंबर १९७२ मध्ये 'गार्डियन' दैनिकात हंटचे एक छोटे पत्र छापून आले. संस्थांमध्ये राहणाऱ्या अपंगांचे म्हणणे स्वतः त्यांनीच मांडावे यासाठी संघटना हवी, असे त्यात सुचवले होते, आणि त्याला आलेल्या प्रतिसादातून 'युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन', थोडक्यात यूपियास, ही संघटना उभी राहिली. तिच्या नावातच विलगीकरणाला विरोध होता, आणि ते योगायोगाने घडले नव्हते. हंटचा निकटचा सहकारी व्हिक फिंकेलस्टाइन हा दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषविरोधी कामासाठी तुरुंगवास भोगून १९६८ साली ब्रिटनमध्ये आला होता, स्वतः व्हीलचेअर वापरत होता, आणि माणसांना वेगळे काढून वेगळ्या वस्तीत ठेवणारी व्यवस्था कशी चालते हे त्याने जवळून पाहिले होते. हालचाल न करू शकणारे सदस्य वेगवेगळ्या शहरांत आणि संस्थांत विखुरलेले असल्यामुळे यूपियासचे काम मुख्यतः सदस्यांमध्ये फिरणाऱ्या गोपनीय परिपत्रकांतून चाले. या पत्रव्यवहारातून एक मूलभूत भेद स्पष्ट झाला. अवयव नसणे किंवा तो नीट न चालणे ही शारीरिक उणीव होय. अपंगत्व मात्र त्या उणिवेवर समाजाने लादलेले असते, जिना बांधून, बस उंच ठेवून, नोकरी नाकारून. या मांडणीला १९८० च्या दशकात माइक ऑलिव्हर यांनी 'सोशल मॉडेल', म्हणजे अपंगत्वाचे सामाजिक प्रारूप, हे नाव दिले. ही मांडणी आता इतकी सर्वमान्य झाली आहे की, ती संस्थेत राहणाऱ्या माणसांच्या परिपत्रकांतून जन्मली, याचा विसर पडू लागला आहे.

हंट १९७९ साली वारला. त्याच वर्षी ले कोर्टमधील काही रहिवाशांनी, जॉन इव्हान्स हे त्यांपैकी एक, 'प्रोजेक्ट ८१' ही योजना आखली. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले होते, त्यावरून हे नाव पडले. त्यांचा युक्तिवाद साधा होता : आपल्याला संस्थेत ठेवण्यासाठी कौन्सिल जी रक्कम निवासगृहाला भरते, तीच आपल्या हाती द्यावी, म्हणजे आपण घर घेऊन, मदतनीस नेमून बाहेर राहू. अडचण अशी की, १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्यानुसार कौन्सिलला अपंग व्यक्तीला सेवा पुरवता येई, तिच्या हातात रोख रक्कम देता येत नसे. माणसाला वर्षानुवर्षे सांभाळण्यावर पैसा खर्च करण्यास कायद्याची हरकत नव्हती, तो पैसा त्याने स्वतः खर्च करण्यास होती. तोडगा असा निघाला की, कौन्सिलने रक्कम निवासगृहालाच द्यावी आणि निवासगृहाने ती बाहेर राहणाऱ्या व्यक्तीकडे पोहोचवावी. प्रत्येकाला आपल्या दिवसाच्या कामांची तपशीलवार यादी करावी लागली : उठणे, अंघोळ, शौच, कपडे, स्वयंपाक, रात्री कूस बदलणे, आणि त्या प्रत्येकाला किती वेळ व किती मोबदला. महिनोन्महिने घासाघीस करून, एकेक माणूस याप्रमाणे हे रहिवासी संस्थेबाहेर पडले. त्यांचीच पुढे हॅम्पशरमध्ये स्वतंत्र जीवन केंद्र चालवणारी संघटना झाली आणि डर्बीशरमध्येही असेच केंद्र उभे राहिले.

राष्ट्रीय पातळीवरील निधी जन्माला आला तो मात्र एका कपातीतून. एप्रिल १९८८ मध्ये सामाजिक सुरक्षेची जुनी रचना मोडून नवी आणताना घरगुती मदतीसाठी मिळणारा जादा भत्ता रद्द झाला, त्यामुळे तीव्र अपंगत्व असलेल्या काही लोकांना संस्थेत परतावे लागेल असा ओरडा झाला, आणि सरकारने डिसेबलमेंट इन्कम ग्रुपच्या सहकार्याने एक न्यास स्थापून तात्पुरती सोय म्हणून हा निधी सुरू केला. फार तर काही शे लोक येतील असा सरकारी अंदाज होता. १९९३ पर्यंत लाभार्थी २०,००० च्या पुढे गेले. सरकारी दप्तरात जी गरज दिसतच नव्हती, ती रोख रक्कम देऊ करताच दिसू लागली. त्यानंतर नियम कडक झाले आणि कौन्सिलने आठवड्याला किमान २०० पौंडांची सेवा दिल्याशिवाय नव्या अर्जदाराला निधी मिळेनासा झाला. त्याचबरोबर रोख रकमेवरील जुनी बंदी उठवणारा कायदा १९९६ साली मंजूर झाला, हा चळवळीचा निःसंशय विजय होता. परंतु कौन्सिल किती रक्कम देईल हे तिच्या तिजोरीवर अवलंबून राहिले. अपंगांना स्वतंत्र जीवनाचा हक्क देणारे विधेयक कर्णबधिर नेते जॅक अ‍ॅश्ली यांनी २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

२०१० साली आलेल्या आघाडी सरकारने आर्थिक काटकसरीचे धोरण स्वीकारले आणि निधीची दारे नव्या अर्जदारांना बंद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅम येथे सत्ताधारी पक्षाच्या अधिवेशनाबाहेर झालेल्या निदर्शनांतून 'डिसेबल्ड पीपल अगेन्स्ट कट्स', म्हणजे डीपॅक, ही संघटना आकाराला आली. कपातीचा अर्थ काय होतो, हे २०११ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात उघड झाले. एका माजी बॅले नर्तिकेला रात्री शौचकुंडापर्यंत जाण्यासाठी मदतनीस मिळत असे. तिचा मूत्राशयावरील ताबा गेलेला नसतानाही कौन्सिलने खर्च वाचवण्यासाठी मदतनीस काढून मोठ्यांसाठीचे लंगोट देऊ केले, आणि बहुमताने निकाल कौन्सिलच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती लेडी हेल यांनी एकट्यांनी असहमती नोंदवली. हक्काचा आधार नसेल तर गरज म्हणजे काय हे पैसे देणाराच ठरवतो, याचा इतका बोलका दाखला दुसरा नाही.

डीपॅकची पद्धत थेट कृतीची होती. जानेवारी २०१२ मध्ये व्हीलचेअर एकमेकींना साखळ्यांनी बांधून लंडनमधील ऑक्सफर्ड सर्कसचा रस्ता अडवण्यात आला. त्याच उन्हाळ्यात, अपंगांची काम करण्याची क्षमता तपासण्याचे सरकारी कंत्राट असलेल्या अटोस कंपनीने पॅरालिम्पिक स्पर्धांचे प्रायोजकत्व घेतले होते, त्याविरुद्ध निदर्शने झाली. अशा आंदोलनाची एक अडचण बाहेरून लक्षात येत नाही : व्हीलचेअरवरील माणसाला रस्त्यावर उतरायचे तर त्याला पहाटे उठवून तयार करणारा, बरोबर येणारा आणि रात्री परत अंथरुणात ठेवणारा मदतनीस लागतो. म्हणजे ज्या मदतीवर कुऱ्हाड चालत होती तिच्याच बळावर विरोध उभा होता, आणि कपात जसजशी लागू होई तसतशी विरोध करण्याची शक्तीही घटत जाई. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांनी अंथरुणातून कागदपत्रे तयार केली, आकडे तपासले, साक्षी गोळा केल्या. हे काम रस्त्यावरच्या कामाइतकेच मोलाचे होते.

निधी पूर्ण बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१२ मध्ये जाहीर झाला. पाच लाभार्थ्यांनी त्याला आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण २०१० च्या समानता कायद्यानुसार निर्णयाचा अपंगांवर होणारा परिणाम मंत्र्याने नीट लक्षात घ्यायला हवा होता, आणि लाभार्थ्यांचे म्हणणे किती तीव्र होते हे मंत्र्यापुढे आलेल्या कागदांतून दिसतच नव्हते. आनंद मोठा झाला. पण निकालाची मर्यादा त्याच्या आधारातच होती. कायदा मंत्र्याला विचार करायला भाग पाडत होता, निधी चालू ठेवायला नाही. मार्च २०१४ मध्ये नव्या मंत्र्याने परिणामांची रीतसर नोंद करून तोच निर्णय पुन्हा जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने दुसरे आव्हान फेटाळले. जून २०१४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या हिरवळीवर तंबू ठोकण्याचा प्रयत्न झाला, २४ जून २०१५ रोजी पंतप्रधानांची प्रश्नोत्तरे चालू असताना आंदोलकांनी हाउस ऑफ कॉमन्सच्या सभागृहात शिरण्याचा प्रयत्न केला आणि पोलिसांनी त्यांना अडवले. सहा दिवसांनी निधी बंद झाला.

इंग्लंडमध्ये ती रक्कम कौन्सिलांकडे गेली, पण त्याच कामासाठी राखून ठेवण्याचे बंधन न घालता. काही ठिकाणी मदतीचे तास टिकले, काही ठिकाणी मोठ्या प्रमाणात घटले, आणि माणूस कोणत्या गावात राहतो यावर त्याचे स्वातंत्र्य ठरू लागले. स्कॉटलंडने १ जुलै २०१५ पासून स्वतःचा निधी उभारला आणि २०२४ साली तो नव्या अर्जदारांनाही खुला केला. वेल्समध्ये आधी अनुदान दिले गेले, मग तेही कौन्सिलांकडे वळवण्यात आले, तेव्हा लाभार्थ्यांनी मोहीम चालवून २०१९ साली गरजेचे स्वतंत्र फेरमूल्यांकन मिळवले. डीपॅकच्या तक्रारीवरून संयुक्त राष्ट्रांच्या समितीने चौकशी केली आणि अपंगांच्या हक्कांचे गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार एखाद्या देशाची झालेली ती पहिलीच चौकशी होती. समाजात राहण्याचा हक्क सांगणारे त्या कराराचे एकोणिसावे कलम २००७ साली करार मान्य केलेल्या भारतालाही लागू आहे. ब्रिटिश सरकारने तो निष्कर्ष अमान्य केला.

२०२५ साली मजूर पक्षाच्या सरकारने अपंगांच्या भत्त्यात कपातीचे विधेयक आणले, तेव्हा शंभरहून अधिक स्वपक्षीय खासदारांनी बंडाचा पवित्रा घेतला आणि १ जुलै रोजी ऐन चर्चेत सरकारला मुख्य कलम मागे घ्यावे लागले. त्या खासदारांच्या मतदारसंघांतील अपंगांनी त्याआधी अनेक आठवडे त्यांना गाठून, पत्रे लिहून, आपल्या दिवसाचा हिशेब समोर ठेवला होता. नव्या अर्जदारांसाठी आरोग्यविषयक साहाय्यातील कपात मात्र त्याच विधेयकातून मंजूर झाली, आणि स्वतंत्र जीवनाचा हक्क कायद्यात लिहावा ही मागणी घेऊन अपंगांच्या संघटना आजही पार्लमेंटकडे जात आहेत.