महापेपर्यंत आलेला अपूर्ण भूतकाळ

महापेच्या एमआयडीसीत रात्रपाळी सुटताना पुढच्या पाळीच्या हाती जो अहवाल पडतो, तो अनेक ठिकाणी इंग्रजीत असतो. लिहिणारा घरी मराठी बोलतो, आगरी बोलतो, नाहीतर हिंदी. ‘ऑपरेटर क्लोज्ड द व्हॉल्व्ह’ असं त्याने लिहिलं, तर व्हॉल्व्ह बंद झाला. ‘ऑपरेटर वॉज क्लोजिंग द व्हॉल्व्ह’ असं लिहिलं, तर तो बंद होत होता. पुरता झाला की नाही, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पुढे काही विपरीत घडलं, तर चौकशीत या एका ‘इंग’वरून वाद होऊ शकतो.

एवढी जबाबदारी अंगावर असलेला हा काळ इंग्रजीतही तसा उशिराच स्थिरावला. ‘वॉज’शी धातुसाधित जोडायची रीत हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सापडते, विशेषतः लॅटिनवरून केलेल्या भाषांतरांत. पण शेक्सपिअरच्या काळापर्यंत ती ऐच्छिकच होती. आज जिथे ‘इंग’वाचून चालत नाही, तिथे साधं क्रियापद खुशाल चालायचं. तिचा वापर भराभर वाढला तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. नेमक्या त्याच सुमारास इंग्रज पेशवाईकडे डोळे लावून बसले होते.

लिंडली मरे हा मूळचा अमेरिकन क्वेकर इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने 1795 मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. पुढची कित्येक दशकं ते इंग्लंड-अमेरिकेत छापलं जात राहिलं आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजी शाळांतही पोचलं. या पुस्तकात काळ सहा. त्यांत ‘वॉज रायटिंग’ला स्वतःचं घर नाही. आणि ‘इम्परफेक्ट’, म्हणजे अपूर्ण, हे नाव मरेने चक्क ‘आय लव्ह्ड’ या साध्या रूपाला दिलं होतं. मराठी शाळेत ज्याला अपूर्ण भूतकाळ म्हणतात, तो ‘टू बी’ला जोडून होणारा क्रियापदाचा एक जास्तीचा प्रकार म्हणून कोपऱ्यात उभा होता.

कर्मणी प्रयोगात तर आणखी गोंधळ होता. ‘घर बांधलं जात होतं’ हे सांगायला त्या काळचा सुशिक्षित इंग्रज ‘द हाऊस वॉज बिल्डिंग’ म्हणायचा. आज कोणी असं लिहिलं तर पेपरात लाल रेघ ठरलेली. ‘वॉज बीइंग’चा अगदी आरंभीचा एक दाखला 1772 मधल्या एका खासगी पत्रात मिळतो, विषय होता पार्लमेंटातली चर्चा. पुढची शंभर वर्षं या रूपाला अडाणीपणाचं लक्षण मानणारे विद्वान होते. अमेरिकन टीकाकार रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी 1870 च्या आपल्या पुस्तकात त्याविरुद्ध अख्खं प्रकरण खर्ची घातलं. वाद ते हरले. आज शाळकरी मुलांकडून जे रूप घोटून घेतलं जातं, ते कालपरवापर्यंत इंग्रजांच्याच घरात उपरं होतं.

मुंबईच्या मराठी मुलांसमोर इंग्रजी उभी राहिली ती अशा अर्धवट बांधकामाच्या अवस्थेत. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघालं, त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर दोन स्तंभांत शेजारी शेजारी असायचा. वाचता वाचता ताडून पाहायची ती एक सोयच होती. चारच वर्षांनी, 1836 मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं आणि त्याची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणांच्या वळणावर गेली. मराठीचा भूतकाळ कसा कसा होतो, हे मराठी माणूस परक्या साच्याशी पडताळून पाहू लागला, आणि तो साचाच अजून ओला होता!

पुढच्या पिढ्यांना इंग्रजी शिकवली ती ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’ने. मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, मग उलट. पद्धत रोखठोक होती आणि तिने हजारो कारकून, वकील, मास्तर घडवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘होतो’ दिसलं की ‘वॉज’ आणि ‘-त’ दिसलं की ‘इंग’ हे गणित तिच्यामुळे हाडीमासी खिळलं असावं. 1930 च्या दशकात मुंबईतून प्रसिद्ध झालेलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण पाठमालेच्या जोडीला आलं. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि नंतर ‘बो जेस्ट’ या साहसकथेमुळे गाजले. वाळवंटातल्या फ्रेंच पलटणीची कादंबरी आणि कंटिन्युअस टेन्सचे नियम एकाच नावावर, हा योग दुर्मीळच.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर गेली, मग कित्येक वर्षं पाचवीपासून होती, आणि 2000 साली महाराष्ट्रात ती पहिलीपासून आली. दरम्यान शिकवण्याची तऱ्हाही बदलली. भाषांतर मागे पडून कृती आली. मास्तर दाराकडे चालत जायचे आणि विचारायचे, ‘व्हॉट अॅम आय डूइंग?’ वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा. चालू वर्तमानकाळ असा डोळ्यांसमोर करून दाखवता येतो. अपूर्ण भूतकाळ कसा दाखवणार? तो म्हणेपर्यंत क्रिया संपलेली असते! त्याला दुसरी घटना मध्ये यावी लागते: मी जेवत होतो, इतक्यात फोन वाजला. एवढ्या एका ठिकाणी मराठी आणि इंग्रजी अगदी गळ्यात गळा घालून चालतात, म्हणून प्रत्येक गाईडात तेच उदाहरण.

वाटा फुटतात त्यानंतर. ‘आम्ही रोज ठाण्याहून येत होतो’ हे मराठीत बिनचूक आहे, कारण आपलं ‘येत होतो’ सवयही सांगतं. त्याचं ‘वी वॉज कमिंग’ झालं तर ‘वॉज’ चुकला हे कोणीही सांगेल. ‘वी वेअर कमिंग डेली’ मात्र कानाला खटकत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. सवयीला इंग्रजीत ‘केम’ किंवा ‘यूज्ड टू कम’ लागतं. मराठीतही सवयीसाठी ‘यायचो’ हे वेगळं रूप आहेच. विद्यार्थ्याला त्याची आठवण करून दिली तर अर्धं काम होतं. ‘मला दिसत होतं’चं ‘आय वॉज सीइंग’ करू नये, ‘आय कुड सी’ करावं. ‘माझ्याकडे गाडी होती’ या वाक्यात तर ‘-त’ कुठेच नाही, तरी ‘आय वॉज हॅविंग अ कार’ ऐकू येतं. ‘वॉज हॅविंग लंच’ चालतं, कारण जेवण ही क्रिया. गाडी असणं ही स्थिती.

या लकबीची गंमत मुंबईच्याच एका कवीने नोंदवली. निसिम इझिकेल हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले. त्यांनी मिस पुष्पांच्या निरोप समारंभावर एक विनोदी कविता लिहिली, तिच्यात ‘इंग’चा पाऊस पाडला. ती कविता वाचून हसणाऱ्यांतल्या पुष्कळांच्या बोलण्यात तोच पाऊस असतो.

2000 नंतर महापेच्या कारखान्यांशेजारी मिलेनियम बिझनेस पार्कसारखी काचेची संकुलं उभी राहिली. ठाणे–वाशी लोकल 2004 मध्ये सुरू झाल्यावर घणसोली-कोपरखैरणे स्थानकांतून पोरंपोरी इथे कामाला येऊ लागली. परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या कचेऱ्यांत जुना अपूर्ण भूतकाळ नव्या कामाला लागला. सर्व्हर बंद पडल्याच्या नोंदीत ‘इन्स्टॉल्ड’ आणि ‘वॉज इन्स्टॉलिंग’ यांतला फरक व्हॉल्व्हइतकाच मोलाचा, हे समजावणं सोपं. प्रशिक्षकाची खरी दमछाक होते ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड…’पाशी. त्यात भूतकाळही नाही आणि चालू असलेली क्रियाही नाही. मराठीत अशा वेळी ‘जरा विचारायचं होतं’ असं म्हणत आपणही आत्ताची विनंती भूतकाळात ढकलतो. तेवढं लक्षात आणून दिलं, तर पाठांतराची गरज उरत नाही. उलट ‘आय अॅम लव्हिंग इट’ का चालतं, हे विचारणाऱ्या मुलाला उत्तर देणं अवघड. प्रेम ही स्थिती, तिला ‘इंग’ नको, असं पुस्तक सांगतं. आणि एका बर्गर कंपनीची 2003 पासूनची घोषणा ते पुस्तक जुमानत नाही.