जिभेखालचा डायनामाइट

ऐकायला वेळ नाही, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या वाचून काढतो म्हणणाऱ्यांसाठी हा या भागाचा मजकूर. मधले 'अं' आणि 'म्हणजे कसंय' शक्य तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका लग्नापासून करतो. चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट, चुलतभावाचं लग्न, सांगलीकडे. मे महिना, कार्यालयात एसी नाही. अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, तेवढ्यात मुलीकडच्या एका काकांना दरदरून घाम फुटला. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय म्हणाले. लगेच तीन जणांनी आपापले खिसे चाचपले आणि तिघांच्याही हातात एकच गोळी निघाली: सॉर्बिट्रेट. एक गेली जिभेखाली. दोन-तीन मिनिटांत "काही फरक नाही" म्हणून दुसऱ्या खिशातली दुसरी गेली. काका खुर्चीत बसलेले होते. बघता बघता पांढरे पडले आणि त्यांनी मान टाकली.

वऱ्हाडात एक सिस्टर होत्या. त्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं, काकांना सतरंजीवर आडवं केलं, पाय उचलून खुर्चीवर ठेवले आणि विचारलं, "किती दिल्या? बीपी कुणी बघितलं होतं का?" कुणीच बघितलं नव्हतं. काका थोड्या वेळाने शुद्धीवर आले, १०८ आली, पुढचं सगळं नीट झालं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी बीटेक माणूस, दिवसभर इतरांच्या कोडमधले बग शोधतो. जी गोळी अख्ख्या महाराष्ट्राच्या शर्टाच्या खिशात आहे, तिनंच माणूस कसा काय आडवा होतो?

तर आजची गोष्ट या गोळीच्या थोरल्या बहिणीची. तिचं नाव नायट्रोग्लिसरीन. हो, तेच. डायनामाइटमधलं.

१८४७ साली इटलीत, तुरीनमध्ये, अस्कानिओ सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ग्लिसरीनवर अॅसिडांची प्रक्रिया करून एक तेलकट द्रव बनवला. तो द्रव भयंकर स्फोटक निघाला. पण सोब्रेरोने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली: किंचितसा थेंब जिभेवर ठेवला तरी डोकं तासन्‌तास ठणकतं. त्या काळी केमिस्ट लोक काय काय चाटायचे देव जाणे! पण औषधाचा इतिहास सुरू होतो तो या डोकेदुखीपासून.

मग वीस वर्षांनी एडिनबरामध्ये लॉडर ब्रंटन नावाचा तरुण डॉक्टर. छातीत कळ येणाऱ्या रुग्णांचं रक्त काढलं की त्यांना बरं वाटतं, हे त्याने पाहिलं होतं. त्याने तर्क केला, रक्तदाब उतरल्यामुळे कळ थांबत असेल, तर मग रक्त कशाला काढायचं, दाब उतरवणारं औषध द्यावं. १८६७ साली त्याने एमिल नायट्राइट हुंगायला दिलं आणि कळ थांबली. वास घेतला की काही सेकंदांत असर, पण तेवढ्याच झटपट तो संपायचाही. नायट्रोग्लिसरीनही त्याने स्वतःवर करून बघितलं, पण डोकं इतकं दुखलं की नाद सोडला.

आता माझा आवडता माणूस, विल्यम मरेल. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधला. त्याने वाचलं की नायट्रोग्लिसरीनबद्दल डॉक्टरांमध्ये भांडण आहे. एकजण म्हणतो थेंबभराने मी जवळजवळ कोसळलो, दुसरा म्हणतो मला काहीच झालं नाही. मरेलकडे एक टक्क्याचं द्रावण होतं. एके दुपारी रुग्ण तपासता तपासता त्याने बाटलीचं ओलं बूच जिभेला लावलं आणि विसरून पुढच्या रुग्णाकडे वळला. जरा वेळाने हृदय असं धडधडायला लागलं की अंग हलू लागलं, हातातलं पेन प्रत्येक ठोक्याला उडायला लागलं. दुसरा कुणी असता तर बाटली फेकून दिली असती. मरेलने तोच प्रयोग स्वतःवर तीस-चाळीस वेळा केला, मग आणखी ३५ जणांवर केला, नाडीचे आलेख काढले. त्याला दिसलं की परिणाम एमिल नायट्राइटसारखाच आहे, फक्त सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि टिकतो मात्र अर्ध्या तासाच्या आसपास. १८७९ साली त्याने हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं. औषध कधी सुरू होतं, किती वेळ टिकतं, किती डोसला काय होतं, हे आज अॅम्ब्युलन्सवाल्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या बाटलीच्या बुचाने ते सगळं सांगितलं होतं.

दरम्यान आल्फ्रेड नोबेल त्याच द्रवाने डोंगर फोडत होता. त्याची किंमतही त्याने मोजली होती. १८६४ साली स्टॉकहोममधल्या स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला. १८६७ साली डायनामाइटचं पेटंट आलं. आणि १८९६ मध्ये, मरणाच्या काही आठवडे आधी, नोबेलने पत्रात लिहिलं की मला डॉक्टरांनी पोटात घ्यायला नायट्रोग्लिसरीन सांगितलंय, नशिबाची थट्टाच म्हणायची. औषधाचं नाव मात्र 'ट्रायनायट्रिन' ठेवलं होतं, दुकानदार आणि लोक दचकू नयेत म्हणून.

(कुणीतरी विचारणारच: गोळी खिशात फुटेल का? नाही. तिच्यात औषध अगदी नगण्य असतं, बाकी सगळी भर.)

डायनामाइटच्या कारखान्यांत अजून एक मजेशीर, खरं तर मजेशीर नसलेली गोष्ट दिसली. कामगारांना सोमवारी भयंकर डोकेदुखी व्हायची, आठवडाभरात ती कमी व्हायची, रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा सोमवारी तेच. शरीराला सवय होत होती आणि सुटत होती. काहींना तर सुट्टीच्याच दिवशी छातीत दुखायचं. म्हणूनच रोज नायट्रेट घेणाऱ्यांना डॉक्टर दिवसातले काही तास औषधाविना ठेवतात.

हे सगळं का होतं, ते कळायला शंभर वर्षं लागली. फेरीड मुराद यांनी १९७७ साली दाखवलं की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली यासाठी पारितोषिक मिळालं. कोणतं? नोबेल!

आता लग्नातल्या काकांकडे परत येऊ. हे औषध शिरा सैल करतं, रक्त खालच्या अंगात साठतं, हृदयाकडे कमी परततं. हृदयाचं ओझं हलकं होतं, म्हणून कळ थांबते. पण मे महिन्यात घामाने आधीच अंगातलं पाणी गेलेलं, माणूस बसलेला, त्यात दोन गोळ्या. टाकीतच पाणी नाही, तर पंप काय उचलणार? हृदयाच्या उजव्या बाजूला झटका आला असेल तर आणखी धोका, कारण ती बाजू परत येणाऱ्या रक्तावरच तग धरून असते. म्हणून अॅम्ब्युलन्समधला माणूस आधी बीपी बघतो. वरचा आकडा शंभरच्या खाली असेल तर बहुतेक ठिकाणी देत नाहीत. आणि दुसरा प्रश्न, जो मंगल कार्यालयात कुणी काकांना विचारणार नाही: व्हायग्रासारखं काही घेतलंय का? दोन्ही औषधं एकाच साखळीवर काम करतात, एकत्र आली की बीपी धाडकन खाली येतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट बंद. माणूस लाजून खोटं बोलू शकतो, म्हणून हे चारचौघांत न विचारता कानाशी जाऊन विचारायचं असतं.

गोळी जिभेखालीच का? गिळली तर पोटातून आधी यकृतात जाते आणि नायट्रोग्लिसरीन तर तिथेच जवळजवळ संपतं. जिभेखालच्या शिरा यकृताला वळसा घालून थेट रक्तात पोचवतात.

आणि मला वाचताना सगळ्यात जास्त हादरवलं ते हे. १९९५ साली आयसिस-४ नावाच्या चाचणीत ५८,०५० हार्ट अटॅकच्या रुग्णांमध्ये नायट्रेटच्या गोळीने मृत्यू कमी होतात का ते बघितलं. ठळक फरक दिसला नाही. कळ थांबते, पण बंद झालेली नळी त्याने उघडत नाही. त्याआधी १९८८ साली आयसिस-२ मध्ये १७,१८७ रुग्णांवर साधी अॅस्पिरिन तपासली होती. पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. त्या कार्यालयात तीन खिशांत सॉर्बिट्रेट होती. अॅस्पिरिन एकाही खिशात नव्हती, आणि १०८ला फोन लावायचं आम्हाला सिस्टरांनी ओरडल्यावर सुचलं.

अॅस्पिरिनही सरसकट नाही बरं का. अॅलर्जी, रक्तस्राव, अल्सर, किंवा तोंड वाकडं होऊन हात लुळा पडला असेल तर नाही. १०८ला फोन लावा, माणसाला बसतं-रेलतं करा, चक्कर येत असेल तर आडवं करा, आणि फोनवरच्या माणसाला विचारूनच काय ते द्या.

काका ठणठणीत आहेत, मागच्या दिवाळीला भेटले. खिशात गोळी अजून तीच आहे. शेजारी घडी घातलेला एक कागद आहे, त्यावर त्यांच्या मुलीने बीपीचे आकडे आणि चालू औषधांची नावं मोठ्या अक्षरात लिहिली आहेत.

पुढच्या भागात अॅड्रेनालिन. तोवर तुमच्या घरच्या खिशांमध्ये काय काय सापडलं ते मला कळवा.