खुला गट खुला कसा झाला

स्त्रियांनी पुरुषांच्या स्पर्धेत उतरावं का, हा वाद निघाला की बोलणं लगेच स्नायू, उंची आणि वेगाकडे वळतं. आपल्याकडचा सर्वांत बोलका दाखला मात्र मनगटाचा जोर लागतच नाही अशा खेळातला आहे. १९७६ साली ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची धाकटी मुलगी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली. वय तेरा. तोवर एकही मुलगी त्या स्पर्धेत खेळलेली नव्हती. त्यावरून गदारोळ उठला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि तिथे बाजू तिची ठरली. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, अध्यक्ष माक्स यूवे हे स्वतः माजी जगज्जेते. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. पटावर रोहिणीने तीन राज्यविजेत्यांना हरवलं, हे त्या गदारोळात मागेच पडलं.

बुद्धिबळात शरीराचं कारण देता येत नाही. तरीही दार बंद होतं, याचा अर्थ ते शरीराकडे पाहून लावलेलं नव्हतं. यूवेंच्या निर्वाळ्यानेही सवय लगेच मोडली नाही. १९८६ साली हंगेरीची सुझान पोल्गर पुरुषांच्या जगज्जेतेपदाच्या पात्रता फेरीसाठी पात्र ठरली, पण स्त्री म्हणून तिला खेळू दिलं गेलं नाही. नियम बदलला तो त्यानंतर. तिची धाकटी बहीण युदित १९९१ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, २००२ मध्ये मॉस्कोत तिने जलद डावात कास्पारॉव्हला हरवलं आणि २००५ मध्ये ती जागतिक क्रमवारीत आठवी होती. दार उघडं नसतं तर यातलं काहीच सिद्ध होऊ शकलं नसतं. नेमबाजीची गोष्ट तर उलट्या दिशेने गेली. १९७६ च्याच मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये स्त्री-पुरुष एकत्र रायफल चालवत होते आणि मार्गारेट मर्डॉकने विजेत्या लॅनी बॅशमइतकेच गुण मिळवून रौप्यपदक घेतलं. १९९२ मध्ये बार्सिलोनात चीनच्या चांग शानने स्कीटमध्ये पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या, अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी होतं. स्त्रियांचा वेगळा गटच नव्हता. तो आला २००० साली, सिडनीत.

यावर कोणी म्हणेल की पट आणि बंदूक सोयीची उदाहरणं झाली, कुस्तीचं काय? कुस्तीत, धावण्यात, वजन उचलण्यात शरीराचा फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण १९५४ साली हमीदा बानू पुरुष पैलवानांशी लढत होती तेव्हा आड काय आलं ते पाहावं. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने पुरुषाला चीत केल्यावर प्रेक्षकांनी दगडफेक केली. ती हरेल, तिला इजा होईल, या काळजीने कोणी दगड मारत नाही. आपल्या कुस्त्यांवरच्या बंदीविरुद्ध तिने तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली, तेव्हा उत्तर आलं की बंदी ती स्त्री आहे म्हणून नाही, आयोजक नकली प्रतिस्पर्धी उतरवतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. कुस्त्या खरोखर ठरवून झाल्या असतील, तर तो बंदोबस्त आयोजकांचा करायचा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुरुषांचा गट स्त्रियांना खुला केला, तर स्त्रियांचा स्वतंत्र गट कोणत्या तोंडाने राखायचा? माझ्या मते दोन्हींत विरोध नाही. स्वतंत्र गट हा राखीव जागेसारखा असतो. जिथे शरीराचा फरक निर्णायक आहे, किंवा जिथे मुली कमी संख्येने खेळायला येतात, तिथे त्याची गरज आहे. राखीव जागा मिळालेल्याला सर्वसाधारण जागेवरून हाकलता मात्र येत नाही. रोहिणी खाडिलकर स्त्रियांचं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकली आणि पुरुषांतही खेळली. त्याने कोणताच गट बुडाला नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये स्त्रियांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. स्पर्धा स्त्रियांची होती, पण किताब मिळाला तो पुरुषांना मिळतो तोच.