तेलगळती निवारक पदार्थ आणि तापमान

पाण्यावर सांडलेले तेल टिपणारी शोषके, त्याला घट्ट करणारी जेलकारके आणि त्याचे बारीक थेंब करणारी रसायने यांची कार्यक्षमता तापमानानुसार बदलते. याचे मुख्य कारण तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा. हिवाळ्यात खोबरेल थिजते, तसे जड इंधनतेलही थंड पाण्यात वाहीनासे होते. मग पॉलिप्रॉपिलीनच्या गादीत ते झिरपत नाही, वरच चिकटून राहते. उष्ण पाण्यात पातळ तेल झटकन आत शिरते, पण गादी उचलताच तितक्याच सहज निथळू लागते. त्यामुळे केवळ ‘किती शोषले’ हा आकडा फसवा असतो. उचलल्यावर किती टिकले, हेही पाहावे लागते.

या विषयातले एक मूलभूत काम समुद्र नसलेल्या बंगळुरूत झाले. भारतीय विज्ञान संस्थेतील शंतनू भट्टाचार्य आणि यमुना कृष्णन-घोष यांनी २००१ मध्ये तेल-पाण्याच्या मिश्रणातील फक्त तेलाचे जेल करून दाखवले. त्यासाठी त्यांनी ॲलॅनीन या अमिनो आम्लापासून बनवलेला, मेदाम्लाची शेपटी असलेला छोटा रेणू वापरला. असे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून तंतू विणतात आणि त्या जाळ्यात तेल अडकते. ताप दिला की बंध सुटतात, जेल वितळते. निवल्यावर पुन्हा जमते. तेल परत मिळवायला हा गुण सोयीचा. अडचणही त्यातच आहे: जेलकारक तेलात विरघळवण्यासाठी सहसा उष्णता लागते आणि समुद्र काही तापवता येत नाही. म्हणून जेलकारक एखाद्या द्रावकात विरघळवून टाकावा लागतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर प्रश्न थंड पाण्यातल्यापेक्षा उलटा असतो. पाणी उबदार असल्याने हलके घटक लवकर उडून जातात आणि मागे राहतो तो जड भाग. गोव्यात मे महिन्याच्या सुमारास किनाऱ्याला लागणारे अशा जड तेलाचे डांबरगोळे सकाळी घट्ट असतात तेव्हा सहज वेचता येतात. दुपारच्या उन्हात ते मऊ होऊन वाळूत माखतात.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे धडकली. सांडलेले इंधनतेल कांदळवनांत शिरले. तिथल्या मुळांच्या गुंत्यात यंत्रे नेणे कठीण, त्यामुळे बरीच भिस्त तेलभक्षक जिवाणूंवर राहते. उबेत त्यांचा वेग वाढतो, पण प्राणवायू न पोहोचणाऱ्या गाळात तापमान अनुकूल असूनही विघटन रेंगाळते.