चांदीची ताटे आणि घोटभर पाणी

गावात दवाखाना काढायचे ठरले की चावडीवर पहिली चर्चा निघते ती इमारतीची. खोल्या किती काढायच्या, पायाचा दगड कोणाच्या हातून बसवायचा, यावर तासन् तास बोलणे होते. दवाखाना प्रत्यक्षात चालतो कशावर, हे मात्र मागाहून कळते. आपल्या हिंगोलीपासून दूर, गोव्यात, कॅथॉलिक पंथीयांनी चालविलेल्या रुग्णालयांचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि आल्बुकर्कने तेथे राजाच्या नावाने इस्पितळ सुरू केले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा कारभार जेझुइट पाद्र्यांकडे आला. १६०८ साली पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत तेथे दाखल झाला. त्याने केलेली वाखाणणी वाचावी तितकी थोडी! चांदीच्या भांड्यांतून जेवण, स्वच्छ बिछाने, वैद्यांच्या नेमाने फेऱ्या. पण हा थाट होता मुख्यतः पोर्तुगीज शिपायांसाठी. ज्यांच्या भूमीवर ते इस्पितळ उभे होते, त्यांना तेथे जागा नव्हती.

पुढे काय झाले? डचांनी पोर्तुगीजांचा व्यापार मोडला आणि खजिना आटला. १६४८ च्या सुमारास ताव्हेर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासी आला, तो सांगतो की तेथे गेलेले पुष्कळ लोक परत बाहेर येत नसत. तहानेल्या रोग्याला पाण्यासाठीसुद्धा चाकराच्या हातावर काही ठेवावे लागे. चाळीस वर्षांत चांदीच्या ताटावरून गोष्ट घोटभर पाण्यावर आली!

आता मडगावकडे वळू. साष्टी भागातले हे बाजाराचे गाव एकोणिसाव्या शतकात वाढत होते. १८६७ साली पाद्री आंतोनियो जुवांव द मिरांदा यांनी तेथे गोरगरिबांसाठी धर्मादाय रुग्णालय काढले. लोक त्याला ‘हॉस्पिसियो’ म्हणत. पुढे रेल्वे आली, गावाचे शहर झाले. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर हे रुग्णालय सरकारी व्यवस्थेत आले, आणि अलीकडे त्याचे काम जिल्हा रुग्णालयाच्या नव्या इमारतीत गेले. मालक बदलला, भिंती बदलल्या, तरी काम खंडले नाही. कारण गावाला ते आपले वाटत होते. मिरांदांचे नाव आजही मडगावच्या एका रस्त्याला आहे.

दार उघडे असले तरी आत हात कोणाचे, हाही प्रश्न उरतोच. पुरुष डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा घरीच प्राण सोडणाऱ्या बाया आपल्या आजीपणजीच्या पिढीत कमी नव्हत्या. जोगिणींनी वैद्यकी करू नये, असा तेव्हा चर्चचा दंडक होता. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर मेरी ग्लावरी १९२० साली आंध्रातील गुंटूरला आल्या, जोगीण झाल्या, आणि पोपच्या खास परवानगीने त्यांनी वैद्यकी चालू ठेवली. १९३६ साली रोमने हा दंडक सर्वांसाठीच सैल केला. १९४३ मध्ये ग्लावरीबाईंनी देशभरच्या कॅथॉलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. त्याच प्रेरणेतून १९६३ साली बंगळूरला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मुंबई वाढू लागली तेव्हा १९६७ साली अंधेरीतही जोगिणींनी होली स्पिरिट रुग्णालय सुरू केले.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना राजांच्या लढाया शिकवता तसा हा इतिहासही एकदा सांगा. आणि श्रोतेहो, आपल्या गावी आरोग्यकेंद्राची सभा भरेल तेव्हा इमारतीचा प्रश्न जरूर विचारा. पण त्याच्या आधी दोन प्रश्न विचारा: दार कोणाकोणाला उघडे राहणार? आणि रात्री तहानेल्या रोग्याला पाणी कोण देणार?